रोडग्यांची पंगत आणि साखरेचा आजार

सोयाबीन निघाले, कापसाचे पहिले वेचे घरात आले आणि तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की आपल्या पुसद भागात रोडग्यांच्या जेवणाचे दिवस येतात. कोणाचा मारोतीला नवस असतो, कोणाच्या शेतात विहिरीला पाणी लागलेले असते, तर कोणाला नुसते चार सोयरे बोलवायचे असतात. पूस नदीच्या काठी म्हणा, एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी म्हणा किंवा शेतातल्या आंब्याखाली म्हणा, गोवऱ्यांचा जगरा पेटतो. जाडसर दळलेल्या कणकेचे घट्ट गोळे त्या आरात भाजले जातात. वर वांग्याची भाजी, वरण, भात आणि तुपाची धार. रोडग्याचा मान फार जुना आहे. संत एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीणसुद्धा भवानी आईला नवस बोलते तो रोडग्याचाच. म्हणजे निदान चारशे वर्षे हा पदार्थ आपल्या देवांच्या आणि माणसांच्या पंगतीत बसलेला आहे.

आज या पंगतीविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारण या पंगतीत अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. त्याचे नाव मधुमेह. आपण त्याला साधेपणाने 'साखर' म्हणतो. पूर्वी गावात एखाद्या सावकाराला किंवा पेन्शनीत निघालेल्या अंमलदाराला साखर आहे असे ऐकू यायचे. आता ती शेतात राबणाऱ्या माणसाच्या घरीही येऊन राहिली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतून २०२५ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. आपल्या रोजच्या अन्नातून मिळणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ६२ टक्के शक्ती एकट्या पिष्ट आणि शर्करा यांच्यापासून येते. भात, पोळी, साखर, गूळ, बटाटा हे सारे यात आले. प्रथिने मात्र फार थोडी पोटात जातात.

आता पंगतीतला नेहमीचा प्रसंग पाहा. साठीचे मामा पाटावर बसले आहेत. त्यांना साखर आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. वाढणारा येतो आणि म्हणतो,

"घ्या ना जी मामा, अजून एक रोडगा!"

"नको बा, साखर वाढते."

"एका दिवसानं काय होते? देवाचा परसाद हाय, नाही म्हणू नये."

मामा बिचारे गप्प बसतात आणि खातात. न खावे तर यजमान नाराज, खावे तर रात्री घशाला कोरड आणि चार वेळा उठणे. असे एकच जेवण असते तर गोष्ट वेगळी. पण सुगीनंतर नवस, बारसे, लग्न, तेरवी असे दर आठवड्याला काही ना काही निघते. मग काही माणसे पंगतीला जाणेच सोडून देतात. घरी बसून भाकरीचा तुकडा मोडतात. चारचौघांतून उठून गेल्यासारखे त्यांना वाटते. आजारापेक्षा हे एकटेपण जास्त लागते.

दुसऱ्या बाजूला, साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की ती डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या नसा यांना हळूहळू पोखरते. पाय बधिर झालेल्या माणसाला पऱ्हाटीचे खुंट पायात गेलेले कळतही नाही. जखम चिघळते, आणि कधी कधी बोट किंवा पाऊल गमवावे लागते. शेतकऱ्याचा पाय गेला म्हणजे काय गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा प्रश्न असा आहे की, मामांनी पंगतीलाही बसावे आणि साखरही आवाक्यात राहावी, असे काही करता येईल काय? येते. त्यासाठी रोडगा बंद करण्याची गरज नाही. रोडग्याच्या भोवती जे वाढले जाते ते थोडे बदलले पाहिजे.

प्रथम थोडा हिशोब करू. शाळेतील गुरुजी आणि बाई ऐकत असतील, त्यांनी हा हिशोब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. गव्हाच्या १०० ग्रॅम कणकेत साधारण ६५ ग्रॅम पिष्ट असते. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात ७८ ग्रॅमच्या आसपास असते. तुरीच्या डाळीत ५५ ग्रॅमच्या वर पिष्ट असते, पण तिच्यात २१-२२ ग्रॅम प्रथिनेही असतात. १०० ग्रॅम बटाट्यात १५ ते २० ग्रॅम पिष्ट असते. वांगे, फुलकोबी, दुधी, पालक यांच्या १०० ग्रॅममध्ये मात्र ते अवघे २ ते ५ ग्रॅम भरते.

आता नेहमीचे ताट घ्या. एका रोडग्याला ७५ ग्रॅम कणीक धरली तर दोन रोडग्यांचे पिष्ट झाले जवळजवळ १००. भात ५० ग्रॅम तांदळाचा, त्याचे ३९. भाजीतल्या आलूचे १७. वरणातल्या ३० ग्रॅम डाळीचेही १७. बेरीज झाली १७० ग्रॅमच्या वर. वरून बुंदी किंवा शिरा वाढला तर तो वेगळाच.

दुसरे ताट असे धरा. रोडगा एक, त्याचे ५०. भाताऐवजी फुलकोबीचा मसालेभात, त्याचे ६. नुसत्या वांग्याची भाजी, तिचे ६. तिच्यात घातलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचे ४. वरण तेवढेच, १७. बेरीज ८३ ग्रॅम. म्हणजे पिष्ट निम्म्याहून कमी झाले. ताट मात्र भरलेलेच दिसते, आणि पोटही भरते, कारण भाज्यांतला चोथा आणि डाळ-शेंगदाण्यांतली प्रथिने पोटाला आधार देतात.

असा विचार करणारे आपण एकटेच नाही. विलायतेत रविवारच्या दुपारी घरोघर भाजलेल्या मांसाचे जेवण करण्याची जुनी रीत आहे. त्याच्याबरोबर भाजलेले बटाटे आणि पिठाचे फुगवलेले वडे असतात. तिकडेही साखरेचा आजार असलेल्या घरांत आता बटाट्यांच्या जागी उकडून कुस्करलेली फुलकोबी आणि भाजलेले सलगम वाढतात. भाजलेल्या मुख्य पदार्थाचा मान तसाच ठेवायचा आणि तोंडी लावणे बदलायचे, ही त्यांची युक्ती आपल्यालाही घेण्यासारखी आहे.

आता एकेक पदार्थ पाहू.

पहिली वांग्याची भाजी. पंगतीच्या भाजीत आलू पडतो तो दोन कारणांनी. एक, भाजी पुरते; दुसरे, रस्सा दाट होतो. आलू काढला तर ही दोन्ही कामे दुसऱ्या कोणाकडून करवून घ्यावी लागतील. त्यासाठी असे करावे. एक किलो वांग्यांमागे १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, मूठभर तीळ आणि थोडे सुके खोबरे भाजून बारीक वाटावे. शिवाय चार मोठी वांगी रोडग्याच्याच आरात भाजून, सोलून, कुस्करून रश्शात सोडावी. रस्सा आलूच्या रश्शाहून दाट होतो, आणि त्याला जो जगऱ्याचा वास लागतो तो आलूने कधी येणार नाही. हिवाळ्यात तुरीचे ओले सोले मिळतात. तेही दोन मुठी टाकावे. सोल्यांत पिष्ट असते हे खरे, पण प्रथिने आणि चोथाही असतो. ते बटाट्यासारखे झटकन रक्तात उतरत नाही.

दुसरे भरीत. आर पेटलेलाच असतो, तेव्हा भरिताला वेगळे सरपण लागत नाही. मोठ्या वांग्याला तेलाचा हात लावून दोन-चार ठिकाणी टोचावे, म्हणजे ते फुटत नाही. पऱ्हाट्या किंवा तुराट्यांच्या जाळावर भाजले तर उत्तमच. पातीचा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि दाण्याचा कूट घालून कालवावे. दुधीभोपळा उकडून दह्यात कालवला तर त्याचेही भरीत चांगले होते. ज्याला तिखट सोसत नाही अशा वृद्धांसाठी ते सोयीचे आहे. त्यात साखर मात्र घालू नये. दह्याची आंबट-गोड चव पुरेशी आहे.

तिसरा भात. भात हा आपल्या पंगतीचा शेवट. तो नसला तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही, हे मी जाणतो. म्हणून भाताची जागा रिकामी ठेवू नये. फुलकोबी धुऊन, पुसून, किसणीवर किसावी. दाणे तांदळाएवढे पडतात. पसरट कढईत तेल तापवून मोहरी, जिरे, कढीपत्ता, गोडा मसाला, मटकीचे मोड किंवा शेंगदाणे घालावे आणि मग हा कीस टाकून मोठ्या जाळावर पाच-सहा मिनिटे परतावा. येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. पाणी घालू नये. झाकण ठेवू नये. मीठ शेवटी घालावे, कारण मीठ आधी घातले तर कोबीला पाणी सुटून त्याचा गिजका होतो. दहा माणसांना दीड ते दोन किलो फुलकोबी पुरते. हिवाळ्यात बाजारात ती स्वस्तही असते. याला भात म्हणावे की भाजी म्हणावे, याचा वाद घालू नये. खाणाऱ्याला वाढावे आणि त्याच्या तोंडाकडे पाहावे. ज्यांना खरा भातच पाहिजे त्यांनी वाटीभर न घेता चार घास घ्यावा, तोही दाट वरणाबरोबर.

चौथे वरण. वरणाची डाळ कमी करू नका. उलट थोडी वाढवा. पाण्यासारख्या वरणातून पिष्टही थोडे मिळते आणि प्रथिनेही थोडीच मिळतात. मग माणूस पोट भरण्यासाठी रोडगाच जास्त खातो. वरण दाट असावे आणि त्यात पालक, चवळई, मेथी, आंबटचुका यांपैकी काही चिरून घालावे. आपल्याकडची पालकाची पातळ भाजी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातलेली, हे फार चांगले तोंडी लावणे आहे. तिला दाटपणासाठी बेसन लावतात, ते चमचाभर पुरे. अंबाडीच्या भाजीत आपण ज्वारीच्या कण्या घालतो. त्या निम्म्या कराव्या आणि तेवढी तुरीची डाळ वाढवावी. आंबटपणा जसाच्या तसा राहतो.

पाचवी कढी. कढीत गूळ किंवा साखर पडते आणि बेसन सढळ हाताने लागते. एक लिटर ताकाला एक मोठा चमचा बेसन पुरते. मात्र बेसन कमी असले की कढी फुटण्याची भीती असते. म्हणून ताक फार आंबट नसावे, जाळ मंद असावा आणि उकळी येईपर्यंत पळी फिरती ठेवावी. आले, लसूण, मेथीदाणे यांची फोडणी दिली की गोडाची आठवण होत नाही.

सहावी गोष्ट चटणी-कोशिंबिरीची. जवसाची चटणी आणि कऱ्हाळ्याची चटणी या आपल्या घरच्याच. जवसात पिष्ट थोडे आणि स्निग्ध पदार्थ व चोथा भरपूर. मुळा, काकडी, पानकोबी, टमाटर यांची कोशिंबीर लिंबू पिळून आणि कूट लावून केली तर ताटाचा डावा कोपरा भरून जातो. पंगतीत कोशिंबीर चमचाभर वाढण्याची रीत आहे. ती वाटीभर वाढावी.

आता खुद्द रोडग्याविषयी. कणकेत सोयाबीनचे पीठ मिसळता येते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीन घरोघर पिकते, पण ते पोत्यात भरून बाजारात जाते, घरातल्या ताटात क्वचितच येते. दहा भागांत एक भाग सोयाबीनचे पीठ असावे. त्यात प्रथिने ३५ ते ४० टक्के असतात. मात्र सोयाबीन कच्चे दळू नये. कच्च्या दाण्यांत प्रथिनांचे पचन अडवणारा एक घटक असतो. ते उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावे, कडक उन्हात वाळवावे आणि मग गव्हात मिसळून जाडसर दळून आणावे. दुसरे म्हणजे रोडगे लहान करावे. मोठ्या माणसाच्या मुठीएवढा एकच रोडगा करण्याऐवजी लिंबाहून थोडे मोठे दोन करावे. मग "दोन घेतले" असे म्हणायलाही बरे वाटते, आणि यजमानाचाही मान राहतो.

येथे काही समजुतींविषयी बोलणे भाग आहे. ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही, असे पुष्कळ जण मानतात. ज्वारी चांगले धान्य आहे यात शंका नाही. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच काळात संकरित ज्वारी शेतोशेत गेली, आणि १९७२ च्या दुष्काळात धान्याचे मोल काय असते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण १०० ग्रॅम ज्वारीतही पिष्ट ६७-६८ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे गव्हाएवढेच. भाकरी ताटाएवढी असेल तर ती मोजूनच खाल्ली पाहिजे. गूळ चालतो, साखर चालत नाही, ही दुसरी समजूत. गूळ हा बहुतांशी साखरच असतो. त्याचा रंग निराळा, रक्तात काम तेच. तिसरी समजूत, कडू खाल्ले की गोड उतरते. कारल्याची भाजी जरूर खावी, मेथीही खावी. पण तिच्या भरवशावर गोळ्या सोडू नयेत.

आपल्या जुन्या वैद्यांना या आजाराची ओळख होती. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, अति झोप, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख आहे. अशा रोग्याला जव खाण्यास सांगितले आहे. कमी कष्ट आणि जास्त गोड-पिठूळ अन्न यांची सांगड त्यांना दिसली होती. आज मोट गेली, मोटारपंप आला. बैलगाडी गेली, फटफटी आली. मळणी यंत्राने होते. खाणे मात्र बैलांमागे दिवसभर चालणाऱ्या आजोबांचेच राहिले. मध्येच मोठा फरक पडला तो याचा.

ताटात काय असावे याबरोबरच काय आधी खावे यालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली ११ मधुमेही रुग्णांवर एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. तेच जेवण, तीच माणसे. एकदा त्यांना आधी पाव दिला आणि नंतर भाज्या व मांस. दुसऱ्या वेळी आधी भाज्या व मांस आणि शेवटी पाव. दुसऱ्या वेळी जेवणानंतरची साखर बरीच कमी वाढली. प्रयोग लहान होता, पण शिकवण बिनखर्चाची आहे. पंगतीत आपण बसल्याबरोबर रोडगा फोडतो. त्याऐवजी वाढप्यांनी आधी कोशिंबीर, भरीत, भाजी आणि वरणाची वाटी वाढावी, लोकांना चार घास खाऊ द्यावे, आणि मग रोडग्याची टोपली फिरवावी. जेवण झाल्यावर खाटेवर आडवे न होता नदीपर्यंत किंवा धुऱ्यापर्यंत पंधरा मिनिटे चालून यावे.

तुपाविषयी एक वाक्य. तुपाने रक्तातली साखर एकदम चढत नाही. म्हणून काही जण पिष्ट कमी केले की तूप-तेल मोकळे सोडतात. तसे करू नये. वजन आणि हृदय यांचा हिशोब वेगळा लागतोच. रोडगा तुपात बुडवण्याऐवजी वर चमचाभर घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना, आणि ती कृपा करून नीट ऐकावी. ज्यांना इन्सुलिनची सुई चालू आहे, किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू आहे, त्यांनी आपल्या मनाने एकदम भात-पोळी तोडू नये. औषध तेवढेच आणि पिष्ट निम्मे, असे झाले तर साखर धोक्याच्या खाली जाते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, एकाएकी भूक लागते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. पंगतीत असे झाले की लोक म्हणतात, ऊन लागले किंवा अंगात आले. तसे नसते. रक्तातील साखर ७० च्या खाली गेलेली असते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि बरे वाटल्यावर थोडे खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक दवाखान्यात न्यावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर पिष्ट अगदी बंद करणे टाळावेच. त्याने रक्तात आम्ल वाढून प्रकृती गंभीर होऊ शकते. गरोदर बाया आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये. आणि औषध बदलायचे ते डॉक्टरांनी. आपण ताट बदलतो आहोत एवढे त्यांना आधी सांगावे.

लहान मुलांच्या ताटातून भात-पोळी काढू नका. त्यांचे वाढीचे वय आहे, खेळण्याचे वय आहे. त्यांना डाळ, भाजी, दूध, अंडे, शेंगदाणे वाढवून द्यावे, एवढेच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रोजच्या एकूण शक्तीपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. हे मुलांना आकड्यांनी सांगितले तर ती विसरतील. त्याऐवजी पाटीवर ताट काढायला सांगा. अर्धे ताट भाज्यांचे, पाव ताट डाळ-उसळीचे, पाव ताट धान्याचे. मग प्रत्येकाने घरी जाऊन रात्रीचे ताट पाहावे आणि दुसऱ्या दिवशी तसे चित्र काढून आणावे. मूल घरी जाऊन आजीला म्हणेल, "आजी, तुझ्या ताटात भाजीची जागा रिकामी हाये." त्या एका वाक्याचे काम माझ्या भाषणाने होणार नाही.

रेशनवर गहू-तांदूळ मिळतात म्हणून तेच पोटभर खाल्ले जातात, डाळ आणि भाजी महाग पडते, हे मी विसरलेलो नाही. पण आपण सांगितलेले बहुतेक पदार्थ बांधावरचे आहेत. वांगी, दुधी, अंबाडी, चवळई, शेंगदाणे, जवस, तूर. परसात सांडपाण्यावर दोन वेल आणि चार वाफे वाढले तरी हिवाळाभर ताटाची अर्धी बाजू भरते. आणि तिशीच्या पुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासावी. तेथे ही तपासणी विनामूल्य होते. पुष्कळांना साखर असूनही वर्षानुवर्षे कळत नाही.

शेवटी यजमानांना सांगणे एवढेच. आग्रह करणे हा आपला धर्म आहे, तो सोडू नका. फक्त आग्रह भाजीचा करा, वरणाचा करा, भरिताचा करा. "मामा, अजून एक वाटी भरीत घ्या ना जी" असे म्हटले तर मामाही हसून हात पुढे करतील, आणि पुढच्या वर्षीच्या पंगतीलाही आपल्या पायांनी चालत येतील. नवस फेडणाऱ्याला याहून मोठा आशीर्वाद कोणता हवा?